टॅबलेट लहान घ्यावा की मोठा? आकार कामाने ठरवावा

कृषी विज्ञान केंद्र असो, साखर कारखान्याचा शेती विभाग असो किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असो, आर्थिक वर्ष संपत आले की क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी टॅबलेट घेण्याचा विषय पटलावर येतो. चर्चा बहुधा किंमत, साठवणक्षमता आणि कंपनीचे नाव यांभोवती फिरते. पडद्याचा आकार मात्र ‘मोठा असेल तर बरे’ एवढ्या एका वाक्यात निकाली निघतो आणि दहा-अकरा इंची टॅबलेट सर्वांना सरसकट वाटले जातात. पुढे त्यांतले काही शिवारात कमी आणि कार्यालयाच्या कपाटात अधिक दिसतात, हे अनेक विस्तार कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे. कर्मचारी निरुत्साही आहेत, असा निष्कर्ष त्यावरून काढणे सोपे असते. परंतु साधन कामाला जुळत नसेल तर उत्साही माणूसही ते बाजूला ठेवतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास लखनौचे उदाहरण उपयुक्त आहे. ऊस आणि आंबा या दोन पिकांमुळे हे शहर आपल्या वाचकांना परिचित आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेली भारतीय ऊस संशोधन संस्था तेथील रायबरेली मार्गावर आहे. मलिहाबादच्या दशहरी पट्ट्यालगत रहमानखेडा येथे केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्था आहे. उत्तर प्रदेशाच्या ऊस आयुक्तांचे कार्यालयही याच शहरात, डालीबाग भागात आहे. याच राजधानीतून हातातल्या उपकरणाच्या आकाराविषयी दोन परस्परविरुद्ध वाटणारे निर्णय झाले आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत.

पहिला निर्णय विद्यार्थ्यांसाठीचा. २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनौच्या इकाना स्टेडियममध्ये राज्य शासनाने विद्यार्थ्यांना स्मार्टफोन आणि टॅबलेट यांचे वाटप सुरू केले. पुढे २०२५ मध्ये स्मार्टफोनऐवजी टॅबलेटच देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. विद्यार्थी बसून वाचतो, व्याख्यान पाहतो, टिपणे काढतो. त्याला मोठा पडदा हवा, यात शंका नाही.

दुसरा निर्णय उसाच्या शेतातला. उत्तर प्रदेशात चाळीस लाखांहून अधिक ऊस उत्पादकांच्या क्षेत्राची मोजणी साधारणपणे एप्रिलअखेर ते जून या काळात होते. कारखान्याचा आणि ऊस विभागाचा कर्मचारी शेतकऱ्यासह शेतावर जातो, उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या आधारे क्षेत्र मोजतो आणि लागण की खोडवा, वाण कोणता, अशी माहिती हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर नोंदवतो. नोंद कमी जागेत आणि उभ्या-उभ्या करायची असल्याने यंत्र लहान आहे. त्यानंतर दुसरा टप्पा येतो. ही माहिती गावात शेतकऱ्यांसमोर तपासणीसाठी मांडली जाते. तिकडे तिला ‘सट्टा प्रदर्शन’ म्हणतात. मराठी वाचकाने या शब्दाने दचकू नये. तेथे सट्टा म्हणजे शेतकऱ्याने सहकारी ऊस समितीशी केलेला पुरवठ्याचा करार. प्रदर्शनात मांडली जाणारी यादी त्रेसष्ट रकान्यांची असते. ती लहान टॅबलेटवर मावत नाही आणि मोठ्यावरही मावत नाही. ती कागदावरच पसरून पाहावी लागते.

या व्यवस्थेत नोंद घेणे आणि नोंद दाखवणे ही दोन स्वतंत्र कामे मानली आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळे माध्यम वापरले आहे. आपल्याकडील खरेदीत ही दोन कामे एकाच उपकरणावर लादली जातात. गोंधळाचे मूळ तेथे आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शिवारात फिरणाऱ्या कार्यकर्त्याला लहान, म्हणजे सुमारे आठ इंची टॅबलेट द्यावा. मोठा टॅबलेट बसून करण्याच्या आणि समोरच्याला दाखवण्याच्या कामासाठी गटाला एखादा ठेवावा. आणि यातून वाचलेला पैसा शेतकऱ्याच्या हाती नोंदीची प्रत देण्यावर खर्च करावा.

आधी आकाराचे गणित पाहू. पडद्याचा आकार कर्णात मोजतात, त्यामुळे आठ आणि अकरा यांत फरक थोडा वाटतो. लांबी-रुंदीचे प्रमाण १६:१० धरले, तर आठ इंची पडदा सुमारे १७.२ × १०.८ सेंमी भरतो आणि अकरा इंची पडदा सुमारे २३.७ × १४.८ सेंमी. क्षेत्रफळ जवळजवळ १.९ पट होते. म्हणजे अकरा इंची पडदा आठ इंचीच्या दुप्पटीला थोडाच कमी असतो. हा लाभ फुकट मिळत नाही. उदाहरणादाखल, सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए९ या ८.७ इंची टॅबलेटचे वजन सुमारे ३३० ग्रॅम आहे, तर त्याच मालिकेतील ए९ प्लस या ११ इंची टॅबलेटचे सुमारे ४८० ग्रॅम. ॲपलच्या आयपॅड मिनी आणि नेहमीच्या आयपॅडमध्येही जवळपास असेच अंतर आहे. (ही नावे तुलनेसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हेत.) त्यावर पडझडीपासून वाचवणारे जाड आवरण चढले की वजन आणखी वाढते.

टेबलावर दीडशे ग्रॅमचा फरक जाणवतही नाही. शेतात मात्र एक हात नेहमी दुसऱ्या कामात असतो. कीड-रोग सर्वेक्षण करणाऱ्या निरीक्षकाला पान उलटून मावा-तुडतुडे मोजायचे असतात, भिंग धरायचे असते. कपाशीत बोंड फोडून अळी पाहायची असते. आंब्याच्या मोहोरावर भुरी किंवा तुडतुडे पाहताना फांदी खाली ओढून धरावी लागते. अशा वेळी साधन एका पंज्यात बसले पाहिजे. वरील उदाहरणातील लहान टॅबलेटची रुंदी सुमारे १२.५ सेंमी आहे, ती मोठ्या पंज्यात कशीबशी मावते. मोठ्या टॅबलेटची रुंदी सुमारे १७ सेंमी आहे, तो छातीशी धरून दुसऱ्या हातानेच चालवावा लागतो. मग निरीक्षक आकडे तळहातावर किंवा चिठ्ठीवर लिहितो आणि संध्याकाळी घरी बसून भरतो. नोंद जागेवर व्हावी म्हणून घेतलेल्या साधनामुळेच नोंद जागेवर होत नाही. छायाचित्राबरोबर स्थान आणि वेळ आपोआप नोंदवण्याचा हेतूही त्याबरोबर संपतो.

विजेचे गणितही असेच आहे. वरील लहान टॅबलेटची बॅटरी ५,१०० एमएएच, तर मोठ्याची ७,०४० एमएएच आहे. बाजारात मिळणाऱ्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून रूपांतरातील घट वजा जाता साधारण सहा ते साडेसहा हजार एमएएच उपयोगी पडतात. म्हणजे त्या एका पॉवर बँकेवर लहान टॅबलेट एकदा पूर्ण भरतो, मोठा एकदाही पूर्ण भरत नाही. भारनियमन असलेल्या गावात दिवसभर फिरणाऱ्याला हा फरक प्रत्यक्ष कामाच्या तासांत मोजावा लागतो.

आता दुसरी बाजू. मोठ्या पडद्याच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भक्कम मुद्दा शेतकऱ्याचा आहे आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. टॅबलेट कार्यकर्त्याच्या हातात असतो, परंतु त्यावरची नोंद शेतकऱ्याची असते. ती चुकली तर नुकसान त्याचे होते. उत्तर प्रदेशात उसाचा राज्य सल्लागार दर वाणाच्या गटानुसार वेगळा असतो. २०२३-२४ च्या हंगामात लवकर पक्व होणाऱ्या वाणांना क्विंटलला ३७० रुपये आणि सामान्य वाणांना ३६० रुपये दर होता. वाणांच्या यादीत बोट एक ओळ खाली पडले आणि लवकर पक्व होणारा वाण सामान्य गटात नोंदला गेला, तर क्विंटलला १० रुपयांचा प्रश्न निर्माण होतो. हेक्टरी ८०० क्विंटल उत्पादन धरले तर ही रक्कम ८,००० रुपये होते. आपल्याकडे कारखान्याकडील नोंदीतली लागणीची तारीख चुकली तर तोडणीचा क्रम चुकतो, आणि ऊस शेतात उभा राहून वजन घटते. पीक पाहणीतले पीक चुकले तर भरपाईच्या वेळी अडचण येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करावी, ही कल्पना याच कारणासाठी मोलाची आहे.

म्हणून प्रश्न येतो की, लहान पडद्यावरची नोंद शेतकऱ्याला वाचता येते का? येथे हिशेब लहान टॅबलेटच्या विरोधात जातो. सातबारा ए-४ कागदावर छापलेला असतो. त्याची रुंदी २१ सेंमी. तोच पूर्ण उतारा आठ इंची पडद्यावर उभा बसवला तर तो निम्म्या आकाराचा होतो आणि बारा अंकी अक्षर सहा अंकी होऊन बसते. अकरा इंचीवर ते साधारण साडेआठ अंकी राहते. चाळिशी ओलांडलेल्या आणि चष्मा घरी ठेवून आलेल्या शेतकऱ्याला सहा अंकी अक्षर उन्हात वाचता येणार नाही. तो मान डोलावतो, आणि ती मान डोलावणे संमती म्हणून नोंदले जाते.

मोठा टॅबलेट दिल्याने ही अडचण सुटते का? अंशतः सुटते. परंतु साडेआठ अंकी अक्षरही भर दुपारी वाचणे कठीणच. थेट उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. स्वस्त टॅबलेटचा पडदा, मग तो केवढाही असो, त्यापुढे फिका पडतो. शिवाय पडद्यावर दिसलेली नोंद शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. पडदा बंद झाला की पुरावा संपला. त्याला आकारापेक्षा तीन गोष्टींची गरज अधिक आहे. एक, नोंद पाठवण्यापूर्वी गट क्रमांक, क्षेत्र, पीक, वाण आणि लागणीची तारीख ही पाच कलमे एकाच पानावर ठळक अक्षरांत दाखवणारे अंतिम पान. दोन, ते पान कार्यकर्त्याने मोठ्याने वाचून दाखवण्याची शिस्त. तीन, तीच पाच कलमे शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठी लघुसंदेशाने, आणि मोबाईल नसेल तर छोट्या छापील चिठ्ठीने, तेथल्या तेथे मिळण्याची सोय. या तीन गोष्टी आठ इंचीवरही होतात. त्या नसतील तर अकरा इंची टॅबलेटही शेतकऱ्याला अंधारातच ठेवतो.

दुसरा युक्तिवाद प्रशिक्षणाचा. शेतीशाळेत किंवा शिवारफेरीत चित्रे आणि चित्रफिती दाखवायला मोठा टॅबलेट हवा, असे म्हटले जाते. तीन-चार जण खांद्याला खांदा लावून उभे असतील तर अकरा इंची पडदा चालतो. पंचवीस शेतकऱ्यांच्या गटात मात्र मागच्या रांगेला आठ इंची आणि अकरा इंची दोन्ही सारखेच, म्हणजे दिसत नाहीत. तेथे प्रोजेक्टर, फलक किंवा प्रत्यक्ष नमुना लागतो, आणि त्यातही प्रत्यक्ष नमुना श्रेष्ठ. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणाने मोठे क्षेत्र व्यापले आणि पुढे लाल कुज रोगाने त्याला ग्रासले. हा रोग शिकवताना ऊस उभा चिरून आतला तांबडा भाग आणि त्यातले आडवे पांढरे पट्टे दाखवावे लागतात, आणि चिरलेल्या कांड्याचा मद्यासारखा आंबट वास घ्यायला लावावा लागतो. तो वास कोणत्याही आकाराच्या टॅबलेटमधून येत नाही. पडदा पूरक आहे. त्याला प्रात्यक्षिकाची जागा देऊ नये.

तिसरा युक्तिवाद नकाशाचा. मोठ्या पडद्यावर शेताची सीमा नेमकी काढता येते, असा समज आहे. सीमा पाहायला सोपी जाते, हे खरे. परंतु स्थाननिश्चितीची अचूकता पडद्यावर अवलंबून नसते; ती आतल्या उपग्रह-ग्राहकावर आणि डोक्यावरच्या मोकळ्या आकाशावर अवलंबून असते. सर्वसाधारण मोबाईल-टॅबलेटची अचूकता मोकळ्या आकाशाखाली सुमारे पाच मीटर असते, आणि उंच उसात किंवा दाट आमराईत ती आणखी घटते. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा बाजूला सुमारे ३२ मीटर भरतो. त्यात पाच मीटरची चूक किती मोठी, हे सांगायला नको. आणखी एक सावधगिरी: आयपॅडच्या केवळ वाय-फाय असलेल्या आवृत्तीत जीपीएस नसते. किंमत कमी म्हणून तशी आवृत्ती घेतली तर मोजणीसाठी ती निरुपयोगी ठरते. अन्य कंपन्यांच्या टॅबलेटबाबतही ही बाब तपशीलपत्रात पाहूनच मागणी नोंदवावी.

यावरून खरेदीच्या अटींचा क्रम कसा असावा, हे स्पष्ट होते. पहिली अट सिमकार्ड आणि जीपीएस यांची. दुसरी उन्हात वाचता येईल अशा पडद्याची आणि धूळ-पाणी सहन करणाऱ्या बांधणीची. तिसरी उष्णतेची. ॲपल आपल्या आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान सांगते. लखनौत काय किंवा विदर्भात काय, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि मोटारसायकलच्या डिकीत तो आणखी चढतो. म्हणून सावलीत ठेवण्याची पिशवी ही टॅबलेटइतकीच आवश्यक वस्तू समजावी. चौथी अट, जाळे नसताना नोंद साठवून नंतर पाठवण्याची सोय. पाचवी, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती. आकार या पाचांनंतर येतो.

उपयोजन तयार करणाऱ्यांनाही येथे सांगणे आहे. बोटाने दाबण्याची जागा किमान नऊ मिलिमीटरची असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. संगणकासाठी बनवलेला तक्ता जसाच्या तसा टॅबलेटवर आणला की ओळी चार-पाच मिलिमीटरच्या होतात, बोट चुकीच्या वाणावर पडते आणि दोष ‘लहान पडद्याला’ दिला जातो. एका पानावर एक प्रश्न आणि ठळक मराठी अक्षरे ठेवली तर आठ इंचांत काम नीट होते.

आता प्रगतशील शेतकऱ्यांनी स्वतःसाठी टॅबलेट घेताना काय करावे? येथे उत्तर उलट आहे. आज बहुतेकांच्या खिशात साडेसहा इंचांच्या आसपासचा मोबाईल असतोच. शेतातले छायाचित्र, पीक पाहणीची नोंद, बाजारभाव आणि हवामान यांसाठी तो पुरेसा आहे. त्यावर आठ इंची टॅबलेट घेणे म्हणजे बहुतांशी दुसरा मोबाईल घेणे होय. शेतकरी टॅबलेट घेतो तो घरी बसून जमाखर्च मांडण्यासाठी, माती परीक्षणाचा अहवाल आणि शिफारशींच्या पुस्तिका वाचण्यासाठी, ठिबकचा आराखडा पाहण्यासाठी, आणि मुलांच्या अभ्यासासाठी. ही सर्व बसून करण्याची कामे आहेत. त्याने पूर्ण आकाराचाच घ्यावा. लखनौत विद्यार्थ्यांना लागू पडलेला तर्क येथेही लागू पडतो. द्राक्ष-डाळिंब बागायतदारांना निर्यातीसाठी फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्यांचे तक्ते रुंद असतात, तेव्हा त्यांनाही मोठाच सोयीचा.

संस्थांसाठी मात्र सरसकट एकच आकार ही पद्धत सोडावी. दहा क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचा गट असेल तर नऊ लहान आणि एक मोठा, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी पुरेशी ठरेल. मोठा टॅबलेट गट कार्यालयात राहील. तेथे आलेल्या शेतकऱ्याला त्याची नोंद, नकाशा आणि अहवाल सावलीत बसून दाखवता येतील. फरकाच्या रकमेतून मजबूत आवरण, पॉवर बँक आणि दोन-तीन छोटे छपाई यंत्र घेता येतील. एकाच नमुन्याची खरेदी हिशेबाला सोपी, हे मान्य. पण साधन हिशेबनिसाला वापरायचे नाही.

खरेदीपूर्वी एक साधी चाचणी घेतल्यास वाद उरणार नाही. दोन्ही आकारांचा एकेक टॅबलेट मागवावा. दुपारी बारा वाजता उभ्या पिकात एका कार्यकर्त्याला प्रत्येकावर वीस नोंदी करण्यास सांगाव्यात. लागलेला वेळ, चुकलेल्या नोंदी आणि उरलेली बॅटरी लिहून ठेवावी. त्यानंतर पन्नाशीच्या पुढच्या एखाद्या शेतकऱ्याला अंतिम पान वाचायला द्यावे आणि आपल्या शेताविषयी त्यात काय लिहिले आहे, ते सांगण्यास सांगावे. खते आणि वाण यांच्या चाचण्या आपण वर्षानुवर्षे शेतातच घेतो. लाखो रुपयांच्या साधनांची निवडही शेतातल्या चाचणीवर व्हावी आणि अखेरचा शब्द त्या पन्नाशीच्या शेतकऱ्याचा असावा.